देशाचं बिऱ्हाड कुठे थाटावं

मला मदत केली ती सरांनी. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढचं सांगता सांगता माझा धीर सुटला तर निदान एवढं तरी कागदावर राहावं. अडकलेल्या बोटीवरून मला उतरवलं सरांनी. गाडी चालवायला शिकवली सरांनी. अमेरिकेत आणलं सरांनी, आणि माझी मुलगी आज दापोलीला कॉलेजात जाते तीही त्यांच्यामुळेच. मी आठवीतून शाळा सोडलेला माणूस आहे. लिहायची सवय नाही. कुठे चुकलं तर सांभाळून घ्या.

सरांचं नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. ज्या देशाची आम्ही दोघांनी चाकरी केली त्याचंही लिहीत नाही. तो समुद्रातला देश एवढा लहान आहे की त्याचं नाव लिहिलं तर सर कोण हे तिथल्या शेंबड्या पोरालासुद्धा कळेल.

सर अमरावतीकडचे. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो पंचविशी उलटल्यावर, आणि पाहिला तो थेट त्या बेटावर. भूगोलाचे मास्तर म्हणून दोन वर्षांसाठी गेले आणि तीस वर्षं राहिले. लग्न केलं नाही. बेटावरच्या दोन पिढ्या त्यांच्या हाताखालून गेल्या. त्यातले काही मंत्री झाले, आणि मंत्री झाल्यावर त्यांच्यापुढे प्रश्न आला की आपल्या एवढ्याशा देशाने जगात कोणाकोणाशी संबंध जोडायचे आणि कचेऱ्या कुठे उघडायच्या. नकाशा कोणाला पाठ? सरांना. परराष्ट्रमंत्री त्यांचाच विद्यार्थी, तो म्हणाला, सर, तुम्ही न्यूयॉर्कला जा आणि तिथे बसून आम्हाला सांगा. अशा रीतीने भूगोलाचा मास्तर एका देशाचा सल्लागार झाला.

माझी आणि त्यांची गाठ त्याआधीची. मी हर्णैचा. एका मालवाहू बोटीवर मेसमध्ये कामाला होतो. एजंटने माझा दहावी पासचा कागद कुठून आणला ते मी विचारलं नाही. मालक बुडाला की पळाला कोण जाणे, पण आमची बोट त्या बेटाच्या बंदरात नऊ महिने उभी राहिली. पगार नाही, डिझेल नाही, उतरायची परवानगी नाही. आपला सगळ्यांत जवळचा दूतावास दुसऱ्याच देशात, विमानाने जावं लागेल इतका लांब. दर रविवारी एक टक्कल पडलेला माणूस वल्ह्याच्या होडीतून तांदूळ आणि नारळ घेऊन यायचा आणि मराठीत विचारायचा, "काय रे, जिवंत आहात ना?" ते सर. आमची पत्रं तेच लिहायचे. शेवटी त्यांच्याच पत्रांनी आमचे कागद झाले. बाकीचे घरी गेले. सर त्याच महिन्यात न्यूयॉर्कला निघायचे होते. त्यांनी मला विचारलं, गाडी येते का? मी म्हटलं, नाही. भात येतो का? म्हटलं, येतो. "मग गाडी शिकशील," ते म्हणाले.

न्यूयॉर्कमध्ये आमच्या देशाची कचेरी, तिला मिशन म्हणतात, ती एका इमारतीत चार छोट्या देशांना मिळून एकच मजला असलेल्या जागेत होती. आमच्या वाट्याला दोन खोल्या. राजदूत मॅडम, सल्लागार सर, आणि चालक, आचारी, शिपाई सगळं मी. स्वयंपाकघर सामायिक. फ्रीजमध्ये चारही देशांचे कप्पे वेगळे, आणि कोणाचं दूध कोणी वापरलं यावरून इथे जेवढी कुरबूर व्हायची तेवढी संयुक्त राष्ट्रांतसुद्धा होत नसेल. सर राहायला मात्र न्यू जर्सीत, पिस्कॅटवेला. न्यूयॉर्कचं भाडं देशाला परवडत नाही म्हणायचे. एक लहानसं घर, त्याच्या तळघरात मी. रोज सकाळी मी मिशनची गाडी काढायचो. सर मागे कधी बसले नाहीत. पुढे माझ्या शेजारी, मांडीवर डबा, अंगात बारा महिने तोच निळा कोट आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. राजदूतांच्या मेजवान्यांनाही तेच बूट. मॅडमनी एकदा दबकत सुचवलं तेव्हा म्हणाले, देश लहान असला की लोक पायांकडे पाहतच नाहीत.

नदीखालच्या बोगद्याच्या तोंडाशी गाड्या अडल्या की सरांचा तास सुरू व्हायचा.

"ओळख वेगळी आणि बिऱ्हाड वेगळं," ते म्हणायचे. "दोन देशांनी कागदावर सह्या केल्या की ओळख झाली. खर्च काय? दोन फायली आणि चहा. बिऱ्हाड थाटायचं म्हणजे भाडं आलं, माणसं आली, त्यांच्या पोरांच्या शाळा आल्या. ओळख शंभर ठिकाणी ठेव. बिऱ्हाड तीन ठिकाणी. चौथं मांडायचं तर आधीच्या तिन्हींपैकी एकातली भांडी उचलावी लागतात."

ओळखीचा समारंभ मी पुष्कळदा पाहिला. दुसऱ्या देशाचे राजदूत आमच्या खोलीत येणार, टेबलावर दोन छोटे झेंडे, दोन फायली. दोघं सह्या करणार, फायली बदलून पुन्हा सह्या करणार, हात मिळवणार, आणि फोटो मी काढणार. पाहुणे गेले की सर मला स्वयंपाकघरातल्या नकाशापुढे उभं करायचे. आज आपण कोणाला ओळखू लागलो, दाखव. मला तो देश सापडेपर्यंत ते चहाला तोंड लावत नसत. एकदा डोंगरात दडलेल्या एका देशाने माझी अर्धा तास परीक्षा पाहिली. मॅडम म्हणाल्या, सांगून टाका ना त्याला, चहा निवतोय. सरांनी सांगितलं नाही. थंडगार चहा प्यायले आणि वर म्हणाले की आता हा देश याला जन्मात विसरायचा नाही. खरंच विसरलो नाही.

या ओळखीचं त्यांना वेडच होतं. पिस्कॅटवेला शेजारी एक म्हातारा अमेरिकन राहायचा, त्याच्याकडे बर्फ काढायचं मशीन. सरांनी त्याच्याशी रीतसर करार केला. एक पान इंग्रजीत टाइप केलं, दोन प्रती. दोन्ही घरं एकमेकांच्या कुंपणाचा मान राखतील, बर्फ पडल्यास एक घर मशीन देईल आणि दुसरं घर इडली. अंगणात, कडाक्याच्या थंडीत, जाड कोट घालून दोघांनी सह्या केल्या, फायली बदलल्या, हात मिळवले. फोटो मी. त्यानंतर तो म्हातारा सरांना पाहिलं की टोपी काढून "युअर एक्सलन्सी" म्हणायचा, आणि सर अगदी गंभीरपणे मान हलवायचे.

आसपासच्या मराठी मंडळींना सर म्हणजे करमणूक. आमच्या गल्लीत पुण्याचा एक इंजिनिअर होता. सर त्याला विचारायचे, भारतात जाता तेव्हा कोणाकोणाच्या घरी राहता, आणि का? तो नावं सांगायचा. मग सर त्यातली दोन खोडून टाकायला सांगायचे आणि एक नवीन घालायला लावायचे, बहुतेक आजारी आत्या किंवा एकटा मामा. "काका, यू आर टू मच यार," तो हसायचा. पण त्या वर्षी तो खरंच आत्याकडे राहून आला, हे त्यानेच मला सांगितलं.

आता बरण्यांचं सांगतो.

स्वयंपाकघरात आमच्या कपाटात सरांच्या चार बरण्या होत्या, रिकाम्या झालेल्या पीनट बटरच्या. त्यांवर चिकटपट्टीने शहरांची नावं. न्यूयॉर्क, ब्रसेल्स, ऑकलंड ही आमची तीन बिऱ्हाडं. चौथीवर नुसतं "आखात". देशाच्या कोणा माणसाने अडचणीत सापडून फोन केला की तो जिथून आला त्या बरणीत राजम्याचा एक दाणा. पासपोर्ट हरवला, एक दाणा. मालकाने कोंडून ठेवलं, एक दाणा. रडला तरी एकच. आणि मंत्री जेवायला बोलावतो म्हणाला तर दाणा नाही. कुठल्या राजधानीत मान मोठा याच्याशी बरण्यांना देणंघेणं नव्हतं. सर म्हणायचे, आपली माणसं हाक मारतात तिथे बिऱ्हाड, बाकी सगळीकडे ओळख पुरे.

फोन आणि व्हॉट्सअ‍ॅप माझ्याकडे. मला इंग्रजी बोलता येतं, बोटीवर शिकलो, पण लिहायला घाम फुटतो. म्हणून मी चिठ्ठ्या मराठीत लिहायचो, नाव, ठिकाण, काय झालं. सर त्या वाचून मॅडमना इंग्रजीत सांगायचे आणि फायलीला लावायचे. एका देशाचं दफ्तर हर्णैच्या मराठीत, असं मॅडम चिडवायच्या. दर वर्षी बजेटच्या आधी दाणे मोजायचे आणि आकडे मंत्र्यांना कळवायचे. तिकडे त्यावर कोणी हसत नसे. सरांनी वर्गात त्यांना पाऊससुद्धा दाण्यांनीच मोजायला शिकवला होता.

मी अगदीच बिनकामाचा नव्हतो. एकदा एका मोठ्या देशाचा माणूस आला, सुंदर सूट, हातात अल्बम. आमच्या राजधानीत दूतावास उघडा, चार मजली घर बागेसकट फुकट, गाडीही देतो. मॅडम फोटो पाहत राहिल्या. मी चहा ठेवत होतो. सरांनी सगळ्यांसमोर मला मराठीत विचारलं, "हर्णैला तुला कोणी फुकट घर दिलं तर काय म्हणशील?"

मी म्हटलं, "काम काय सांगणार ते आधी विचारीन."

सरांनी ते जसंच्या तसं मॅडमना इंग्रजीत सांगितलं. पाहुण्याने अल्बम मिटला. त्याला संयुक्त राष्ट्रांत आमच्या देशाचं मत हवं होतं हे मला मागाहून समजलं. पण त्या दिवशी माझ्या एका वाक्याने एका देशाने फुकटचं घर नाकारलं, आणि मी तळघरात जाऊन हे बायकोला फोनवर तीनदा सांगितलं.

आखाताची बरणी गेल्या दोन वर्षांत भराभर चढत गेली. बेटावरची पोरं बोटींवर जातात, दुसरं आहे काय तिथे. मालक पगार थकवतात, बोट बंदराबाहेर उभी करून नाहीसे होतात. त्यांचे फोन माझ्याकडे. मी पहिल्यांदा विचारायचो, पाणी कसं आहे? टाकीच्या तळाचं पाणी गंजाळ लागतं, ते ज्याने प्यायलंय त्यालाच कळतं. हे विचारलं की पलीकडचा माणूस मोकळा बोलायला लागायचा. त्यांतला एक म्हातारा ऑइलमन, इंजिनाला तेलपाणी करणारा, दर आठवड्याला फोन करायचा. मला "ब्रदर कुक" म्हणायचा. माझ्या मुलीचं नाव त्याला पाठ होतं. त्या सगळ्यांची अडचण एकच. बंदराच्या फाटकाबाहेर दवाखान्यात जरी जायचं तरी त्यांच्या देशाचा कोणी माणूस तिथे उभा राहून सही करायला हवा. आमचा तिथे कोणी नव्हता. मॅडम इथून पत्रं पाठवायच्या, आणि फाटकावरचा माणूस म्हणायचा, पत्र नको, माणूस आणा.

त्या वर्षी मोजणी जवळ आली तेव्हा सरांनी बोगद्याच्या तोंडाशी मला सरळ सांगितलं. आखात पहिलं आलं तर तिथे चार महिन्यांत ऑफिस उघडायचं मंत्र्यांनी ठरवलं आहे. नव्या जागा निघणार नाहीत. न्यूयॉर्कमधल्या दोन जागा तिकडे जातील, सल्लागाराची आणि चालकाची, आणि चालक तिकडचाच नेमतील.

"म्हणजे आपण दोघं," ते म्हणाले. "तू घाबरू नको, आपण पाहू काहीतरी." आणि डबा उघडून पोळी खाऊ लागले.

माझा व्हिसा मिशनचा होता. मिशन ठेवील तोवर मी. मुलगी नुकतीच अकरावीला लागलेली, आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली पहिलीच. सर पाहू म्हणाले म्हणजे नक्की पाहिलं असतं, हे आज कळतं. तेव्हा मला फक्त हर्णैचा धक्का दिसत होता आणि लोक विचारताहेत, काय रे, आलास परत?

एका शुक्रवारी सर दातांच्या डॉक्टरकडे गेले होते. दुपारची वेळ, मजल्यावर कोणी नाही. मी कपाट उघडलं आणि आखाताच्या बरणीतून दोन मुठी काढून न्यूयॉर्कच्या बरणीत टाकल्या. दाण्यांचा एवढा आवाज होतो हे मला माहीत नव्हतं. मग झाकणं लावली आणि भात टाकला.

सोमवारी मॅडमच्या खोलीत मोजणी झाली. मी मोठ्याने मोजायचो, सर लिहायचे. न्यूयॉर्क पहिलं आलं. सरांनी चष्मा काढला, पुसला. म्हणाले, मला वाटलं होतं आखात येईल. मॅडम म्हणाल्या, मलाही, पुन्हा मोजू या का? सर म्हणाले, "नको. दाणे आपल्या मनाचं ऐकत नाहीत, म्हणून तर मोजायचे." आणि सही केली.

परत येताना त्यांनी मला वाटेत इझलिनला, आपल्या लोकांच्या दुकानांपाशी, गाडी थांबवायला लावली आणि जिलबी घेतली. तुझ्या घरच्यांना कळव म्हणाले, तू इथेच आहेस. ती जिलबी मी त्यांच्यासमोर बसून खाल्ली. पुन्हा घेतलीसुद्धा.

पाच-सहा महिने गेले. ऑइलमनचा फोन आला, पण तो बोलत नव्हता, त्याच्या बोटीवरचा दुसराच कोणी बोलत होता. काम करताना लोखंडाचा कण म्हाताऱ्याच्या डोळ्यात गेला. बोटीवर औषध नाही. फाटकावर सही करणारं कोणी नाही. मी सरांना सांगितलं, सरांनी मॅडमना. रोज फोन, रोज पत्रं. तीन आठवडे गेले. दवाखान्यात नेलं तोवर डोळा गेला होता. नंतर म्हाताऱ्याने स्वतः मला फोन केला. आवाज तसाच. म्हणाला, ब्रदर कुक, एक आहे ना अजून. आणि माझ्या मुलीच्या परीक्षेची चौकशी केली.

त्याच दुपारी सर स्वयंपाकघरात आले. हातात माझ्या चिठ्ठ्यांची फाइल. चिठ्ठ्या नष्ट करण्याचं मला सुचलं नव्हतं, किंवा सुचलं होतं आणि धाडस झालं नव्हतं, काय ते मलाही सांगता येत नाही. मोजलेले दाणे गेल्या वर्षाचे म्हणून वेगळ्या पिशव्यांत बांधून ठेवलेले असायचे. सरांनी पिशव्या सोडल्या. एक चिठ्ठी, एक दाणा, अशी मांडणी करत टेबलावर बसले. मी भांडी घासत होतो. घासलेलीच पुन्हा घासत होतो.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "आखाताच्या चिठ्ठ्या जास्त आहेत. दाणे कमी. काहून बे?"

मी म्हटलं, "उंदीर असतील, सर."

"बरणीला झाकण होतं."

नळ चालू होता, तो बंद करायचंही सुचलं नाही. सरांनी उठून तो बंद केला.

"तू नऊ महिने बोटीवर होता ना?"

"हो, सर."

"मी एखाद्या रविवारी आलो नाही, तर तुम्ही काय करायचे?"

मी म्हटलं, "धक्क्याकडे बघत बसायचो."

ते रागावले असते, शिव्या दिल्या असत्या, तर मला उभं राहायला जागा मिळाली असती. त्यांनी चिठ्ठ्या गोळा केल्या, कडा जुळवल्या, दोरा बांधला. मग म्हणाले की ते मंत्र्यांना फोन करणार आहेत आणि मोजणी त्यांच्याकडून चुकली असं सांगणार आहेत.

"तू बोलू नको. तू बोललास तर तुझा व्हिसा जाईल, आणि मग सगळे तुझ्याबद्दलच बोलत बसतील, ऑफिस राहील बाजूला. मी बोललो तर म्हणतील म्हातारा झाला, आणि ऑफिस उघडून टाकतील."

मी म्हणायला हवं होतं, नाही सर, मीच बोलतो. मी म्हणालो, "बरं, सर."

फोन त्यांनी माझ्यासमोरच केला. सत्तरी ओलांडलेला माणूस आपल्याच विद्यार्थ्याला सांगत होता की मला मोजता आलं नाही, आणि त्यामुळे तुझ्या एका माणसाचा डोळा गेला. पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. सर नुसते "येस, येस" म्हणत होते, शाळेत उभं केलेल्या पोरासारखे.

पुढे भराभर घडलं. सरांची जागा आखातात हलवायची, आणि तिथे पहिल्यांदा जाऊन बसायचं ते सरांनीच, हे त्यांनी स्वतः सुचवलं. दुसरी जागा माझी जायची होती. त्याऐवजी पिस्कॅटवेचं घर सोडून देतो, त्याचं भाडं तिकडच्या खोलीला वापरा, असं त्यांनी कळवलं. त्यामुळे मी राहिलो. मॅडमनी मला कचेरीजवळ एका तळघरात जागा बघून दिली. बेटावरच्या वर्तमानपत्रात सरांवर छापून आलं. परक्या माणसाच्या बरण्यांवर देश चालवायचा का, असं. मॅडमनी ते कात्रण टेबलावर ठेवलं होतं, मी ते उलटं करून ठेवलं. मॅडम सरांशी नीट बोलतही नव्हत्या त्या दिवसांत. तुम्हाला मी म्हटलं होतं, पुन्हा मोजू या, एवढंच एकदा म्हणाल्या. सर म्हणाले, हो, म्हटलं होतंत.

निघायच्या आधीच्या शनिवारी गल्लीतल्या मराठी मंडळींनी सरांना जेवायला बोलावलं, त्या पुण्याच्या इंजिनिअरकडे. मी वाढायला मदत करत होतो. सर बाहेर अंगणात त्या अमेरिकन म्हाताऱ्याशी बोलत उभे होते, कराराची मुदत संपली म्हणून दोघं पुन्हा काहीतरी सह्या करत होते. आत गप्पा चालल्या होत्या.

"काकांनी म्हणे काउंटिंग मिस्टेक केली. बीन्स मोजत होते यार, बीन्स."

"एक्सेल शीट नाही का करता येत?"

"वय झालंय रे. माझे बाबापण हल्ली दोनदा गोळ्या घेतात."

कोणी वाईट अर्थाने बोलत नव्हतं. इंजिनिअरच्या बायकोने तर मला विचारलं, तुम्ही त्यांच्याबरोबर असायचात ना, तुम्हाला नाही का जाणवलं कधी? माझ्या हातात पुऱ्यांचं ताट होतं. सगळे माझ्याकडे बघत होते. सरांनी बोलू नको म्हटलं होतं ते मॅडमसमोर, मंत्र्यांसमोर. इथे बोलल्याने माझा व्हिसा जाणार नव्हता. एवढंच म्हणायचं होतं की त्यांचं मोजणं चुकलं नाही.

मी म्हटलं, "हो, थोडं विसरतात हल्ली." आणि पुरी वाढली.

मागे वळलो तर सर दारात उभे. किती ऐकलं ते माहीत नाही. ते आत आले, खुर्ची ओढली आणि मला म्हणाले, "पुरी गरम आहे का रे? दे दोन."

नेवार्कच्या विमानतळावर मीच त्यांना सोडलं. तोच निळा कोट, तेच बूट. मी बॅग उतरवताना माफी मागायला लागलो, पण अर्ध्यातच त्यांनी अडवलं. फोन वेळेवर उचलत जा, चिठ्ठ्या लिहीत जा, म्हणाले, आणि इंग्रजी लिहायला शीक. मग रांगेत उभे राहिले. शूज काढा म्हटल्यावर ते खाली वाकले आणि लेस सुटेना. मागची बाई थांबली होती. मी काचेच्या या बाजूला होतो.

ऑफिस उघडलं. म्हणजे एक खोली, एक टेबल, आणि सर. फाटकावर सही करायला तेच जातात. पहिल्याच महिन्यात अकरा जणांना दवाखान्यात नेलं असं मॅडमनी सांगितलं, आणि आता त्या सरांबद्दल बरं बोलतात, पण "वय झालं होतं बिचाऱ्यांचं" हे शेपूट त्याला असतंच. मी ते प्रत्येक वेळी ऐकतो. ऑइलमन आता घरी आहे, नातवंडांत. दिवाळीला त्याने मला व्हॉइस मेसेज पाठवला, तो मी अजून शेवटपर्यंत ऐकलेला नाही.

एक डोळा मला परत देता येणार नाही, ते माझ्या हातात नाही. पण सरांच्या नावावर जी चूक लागली आहे ती काढणं माझ्या हातात आहे. कचेरीजवळच्या ग्रंथालयात शनिवारी इंग्रजी शिकवतात, तिथे मी जातो. मंत्र्यांना पत्र लिहायला घेतलं आहे. मास्तरीणबाईंनी मजकूर सांगते म्हटलं, मी नको म्हटलं. चार ओळी झाल्या आहेत. पाचव्या ओळीत "मी" असं लिहून पुढे ते दाणे कोणी हलवले ते यायला हवं, आणि तिथे दोन महिने अडलो आहे. आधी मुलीची बारावी होऊ दे म्हटलं, ती झाली. आता म्हणतो कॉलेजचं पहिलं वर्ष होऊ दे. असं मी करतो, हे मला माहीत आहे.

तरी सर, हे लेखी देतो. ती ओळ मी लिहीन. पत्र पुरं झालं की आधी तुम्हाला फोनवर वाचून दाखवीन, मग मॅडमच्या टेबलावर ठेवीन, आणि त्या वाचून होईपर्यंत खोलीतून बाहेर जाणार नाही. व्हिसा जायचा तर जावो. तुम्ही हयात असताना, तुम्हाला नीट ऐकू येतंय तोवर.